पांढऱ्या कांद्याचं फ्रेंच सूप, ओव्हनशिवाय

अलिबागचा पांढरा कांदा शिजवते म्हटलं की आमच्या नागावात अजून नाकं मुरडतात. तो भाकरीबरोबर कच्चाच खायचा! 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्याचा तोरा आणखी वाढलाय. पण पाऊस जवळ आला की आढ्याला टांगलेल्या माळेतले कांदे मऊ पडू लागतात, कोंब धरतात. ते सत्कारणी लावायला या सुपासारखं दुसरं काही नाही.

चार जणांना एक किलो कांदा. निम्मा पांढरा, निम्मा लाल, कारण नुसत्या पांढऱ्याने सूप गोडमिट्ट होतं. उभा चिरा, फार पातळ नको. आडव्या चकत्या शिजताना विरघळून जातात.

शाकाहारी करताना दोन ठिकाणी अडतं. मूळ सूप गोमांसाच्या हाडांच्या काढ्यात करतात. दुसरी अडचण पटकन लक्षात येत नाही: त्यावर घालतात ते ग्रुयेर चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या द्रव्याने) विरजतात. तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच चीज घ्या.

काढ्यासाठी पाच-सहा वाळलेले शिताके मश्रूम दीड लिटर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. एक टोमॅटो, एक गाजर आणि लसणाच्या चार पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. हे सगळं मश्रूमच्या पाण्यात घाला, सोबत धुतलेली लाल कांद्याची सालं (रंग त्यांचाच), दहा मिरी, एक तमालपत्र. थाइम मिळत नसेल तर अंगणातल्या ओव्याचं एकच पान टाका. वास त्याच कुळातला, पण जास्त उग्र. पाऊण तास मंद उकळून गाळा आणि चमचाभर सोया सॉस घाला. बाजारातल्या तयार काढ्याच्या क्यूबच्या वाटेला मी जात नाही, त्याची चव नुसती खारट लागते.

आता खरं काम. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात दोन चमचे लोणी आणि चमचाभर तेल तापवून कांदा घाला, चिमूटभर मीठ टाकून झाका. दहा-बारा मिनिटांत त्याला पाणी सुटेल. झाकण काढून ते पाणी आटू द्या. ते आटेपर्यंत रंग बदलत नाही, म्हणून लोक कंटाळून आच वाढवतात आणि कडा करपतात. बिर्याणीचा तळलेला कांदा आपल्याला नकोय. आच मध्यमहून थोडी कमी ठेवून पाऊण ते एक तास परतत राहा. पातेल्याला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने खरवडा. चव त्या थरातच असते. कांदा चिक्कीच्या गुळासारखा दिसू लागला की झालं. लवकर व्हावं म्हणून सोडा घालतात खरा, पण त्याने कांद्याचा लगदा होतो.

यावर चमचाभर मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता. इथे फ्रेंच लोक पांढरी वाइन ओततात. आमच्या घरात ती चालत नाही, म्हणून मी एक चमचा कोकमाचं आगळ पाव वाटी पाण्यात मिसळून घालते. आगळ खारट असतं, तेव्हा मीठ अगदी शेवटी, चाखून. मग काढा ओतून वीस मिनिटं उकळू द्या.

पॅरिसच्या ले आल बाजारात रात्रपाळीचे हमाल हे सूप पावाचा तुकडा आणि चीज घालून, भट्टीत भाजून खात. तो बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रुंजिसला हलला, सूप मात्र गावात राहिलं. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ओव्हनवर विसंबून चालत नाही. लादीपाव सुपात लगेच विरघळतो, ब्रून, म्हणजे कडक सालीचा पाव हवा. मुंबईहून मांडव्याला रो-रो बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना मी तोच आणायला सांगते. त्याचे काप कोरड्या तव्यावर दोन्हीकडून कडक भाजा, वर कच्चा लसूण घासा, किसलेलं चीज भरपूर पसरा आणि झाकण ठेवून मंद आचेवर वितळवा. वाडग्यात कढत सूप, वर हा काप, आणि लगेच जेवायला बसायचं.

परतलेला कांदा उरलाच तर फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशी थालीपिठात जातो.