फार्मवरच्या म्हाताऱ्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या घरी पाळायला आणायच्या असतील तर (खास नागपूरवाल्यांसाठी)

आधीच सांगून ठेवते, मार्च लागला की हा विषय सोडून द्या. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये आणल्या होत्या, चार, भर दुपारी ॲक्टिवावर खोक्यात घालून, अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यातल्या दोन गेल्या. चूक माझीच. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकते तोच तिचा कुलर, आणि आपल्याकडे पारा कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबर ते जानेवारी आणा, तेही अंधार पडल्यावर, अंधारात त्यांना नीट दिसत नाही म्हणून फडफड करत नाहीत.

या म्हणजे पिंजऱ्यातल्या पांढऱ्या लेयर, बहुतेक ठिकाणी बीव्ही-३०० जातीच्या. साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या झाल्या (काही फार्मवाले त्याहून जास्तही ठेवतात) की अंडी कमी होतात, खाद्याचा खर्च परवडत नाही, आणि अख्खी बॅच वजनावर व्यापाऱ्याच्या गाडीत जाते. गाडी यायच्या आधी फार्मवर फोन करा. "भाऊ, पाच-सहा पाहिजेत, पाळायला" म्हटलं की समोरचा हसतोच, मला तर म्हणाला "ताई, गावरान घ्या ना, ह्या काय कामाच्या". घ्या हसून. अंडी तशी देतात अजून, पण जागा बदलली की महिनाभर बंद होऊ शकतात, तेव्हा अंड्यांसाठी आणत असाल तर नकाच आणू.

उचलताना पंख किंवा पाय धरून लटकवू नका, हे फार महत्त्वाचं. एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि या बाईने वर्षाला ३०० च्या आसपास अंडी दिलेली असतात, त्यातलं बरंच तिच्या हाडांमधूनच गेलेलं, वरून वर्षभर चालणं नाही, त्यामुळे हाडं पापडासारखी मोडतात. दोन्ही हातांनी पंखांवरून धरा आणि छातीशी घ्या. पहिल्यांदा घेतली तेव्हा तळहाताला छातीचं हाड सुरीसारखं लागलं, अन् मी तिला सोडूनच देणार होते.

घरी आल्यावर लगेच अंगणात मोकळं सोडायची घाई करू नका. एका बंद खोलीत किंवा पडवीत ठेवा, खाली कोंडा नाहीतर तणस पसरा. चालायची सवय नसते, माझी एक कोंबडी तीन बोटं उंच उंबरठ्यापाशी अर्धा तास उभी होती, एक पाय उचलायची, परत ठेवायची. नखं वाढलेली असतात, टोकच कापा, जास्त कापलं तर रक्त येतं, मग हळद दाबून धरा. बसायला दांडी एखाद फुटावरच लावा, उंचावरून उडी मारली की पाय गेला समजा.

खाणं. तांदूळ, ज्वारी, शिळी पोळी असलं काही पहिले पंधरा दिवस तरी मुख्य खाणं म्हणून देऊ नका, फार्मवर जो लेयर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) चालू होता तोच आणा, दिवसाला एकीला १०० ते १२० ग्रॅम. चोच लहानपणीच कापलेली असते, सपाट जमिनीवरचा दाणा त्यांना नीट उचलता येत नाही, म्हणून खोल भांड्यात चांगले तीन-चार बोटं खाद्य भरा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. पाणी तर पिंजऱ्यातल्या नळीच्या निप्पलमधून प्यायची सवय असते, वाटी ओळखतच नाहीत, चोचेचं टोक एक-दोनदा बुडवून दाखवा.

घरी आधीच्या गावरान असतील तर महिनाभर वेगळ्या ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. उवा-गोचीड बघा पंखांखाली आणि गुदाजवळ. जंताचं औषध आणि राणीखेतची लस डॉक्टरला विचारूनच, सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहेच आपलं. पोट फुगलेलं, पाठीमागून लाल मांस बाहेर आलेलं, कुबड काढून उभी, असं दिसलं की वाट बघू नका. या वयाच्या लेयरला अंडाशयाचे आजार फार होतात, सगळ्या वाचतील असं मनात धरूच नका बाप्पा.

बर्ड फ्लूची बातमी चालू असेल तर एकही पक्षी आणायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ अन् एक बिबट त्यानेच गेले, आपल्या घरच्या मांजराचं काय घेऊन बसलात. दोन दिवसांत पटापट मरायला लागल्या तर गुपचूप पुरू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

खुराड्याला ती पातळ चिकन मेश लावू नका, मुंगूस आणि कुत्री फाडतात, अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी) घ्या, अन् जमिनीखाली फूटभर गाडा. उन्हाळ्यात वर तुराट्यांचा मांडव, त्यावर ओलं पोतं, खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपारी फक्त पाणी, दोन-तीनदा बदलून. एका कोपऱ्यात कोरडी माती नाहीतर राख ठेवा. माझीने चौथ्या दिवशी तुळशीच्या कुंडीतली माती उकरून त्यातच लोळण घेतली, डोळे मिटून, पंख पसरून. तुळस मेली. आई अजून बोलून राहिली त्यावर.

दुसऱ्याला द्यायच्या असतील तर एकटी कधी देऊ नका, निदान दोन द्या. आणि लाजू नका, तोंडावर विचारा, "खाणार का?" नाही म्हणाले तरी "पाहुणे आले तर?" हे वेगळं विचारा, तिथेच माणूस अडखळतो. अंडी उबवायला पाहिजे म्हणणाऱ्यालाही आधीच सांगा की लेयर खुडूक बसत नाही, नाहीतर दोन महिन्यांनी "ही काहीच कामाची नाही" म्हणत परत घेऊन येतात. परत आणल्या तर घ्या मात्र, माझ्याकडे आता ज्या तीन आहेत त्यातली एक तशीच परत आलेली आहे.