पट्टेवाली प्रत्येक गाडी रणगाडा नसते: युक्रेन युद्धाचे फोटो बघताना या चुका टाळा

मी नगरचा. आता अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच बसलंय. आमच्याकडे रणगाड्यांचं म्युझियम आहे, आर्मर्ड कोरचं ट्रेनिंग सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटर पण इथंच, त्यामुळे ट्रेलरवर चढवलेले रणगाडे बघतच मोठा झालो आणि हा विषय तेव्हापासून डोक्यात आहे. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो यायला लागले, "रशियाचे दहा रणगाडे उडवले" वगैरे, आणि फोटो मोठा करून बघितला की त्यात रणगाडे फक्त दोन, बाकी तीन बीएमपी (पट्ट्यांवर, म्हणजे चाकांभोवतीच्या लोखंडी साखळीवर चालणारी, सैनिक नेणारी चिलखती गाडी), दोन एमटी-एलबी (ही पण पट्टेवाली, पण साधी ओढगाडी) आणि उरलेले चक्क ट्रक. टीव्हीवाले पण तेच करतात. हे मला मनापासून खटकतं, कारण टी-७२ सारख्या रशियन बनावटीच्या रणगाड्यात माणसं तीन असतात आणि बीएमपी-२ मध्ये तीन जणांचा क्रू असतो नि शिवाय मागे सात सैनिक बसतात. म्हणजे "एक रणगाडा गेला" असं लिहिलं की आत किती माणसं होती आणि तिथं नेमकं काय चाललं होतं, दोन्ही चुकतं.

सगळ्यात कॉमन चूक: टरेट (वरचं फिरणारं डोकं) आणि तोफ दिसली की रणगाडा

नुसती तोफ आहे का एवढंच बघू नका, आधी तिची जाडी आणि मग गाडीचा मागचा भाग बघा. बीएमपी-२ ची तोफ ३० मिमीची, म्हणजे लांबून काठीसारखी बारीक दिसते, आणि मागे सैनिकांना उतरायला दोन दारं असतात. टी-७२ रणगाड्याची १२५ मिमीची, ती जाड पाइपासारखी, लपतच नाही. बीएमपी-३ ला मात्र लोक हमखास फसतात कारण तिच्यावर १०० मिमीची तोफ आणि तिला चिकटूनच ३० मिमीची अशी जोडी असते, म्हणजे एक जाड नळी नि बाजूला एक बारीक, ही जोडी दिसली की बीएमपी-३ समजायची. अमेरिकन ब्रॅडली, म्हणजे त्यांची सैनिक नेणारी गाडी, तिचं पण तसंच, २५ मिमीची तोफ आणि टरेटच्या कडेला टो या रणगाडाविरोधी मिसाइलचा डबा. जानेवारी २०२४ मध्ये अवदिवकाजवळ स्तेपोव्हे गावात दोन ब्रॅडलींनी एका रशियन टी-९०एम रणगाड्याला जवळून गाठून निकामी केलं त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, आणि आमच्या ग्रुपवर कॅप्शन होतं "अमेरिकन टँकने रशियन टँक हरवला". अहो, त्या व्हिडिओत बघण्यासारखं तेच तर आहे की समोर रणगाडा होता आणि भिडणारी गाडी रणगाडा नव्हती! कॅप्शन चुकलं आणि अख्खी गोष्टच हरवली.

तोफ मोठी, पट्टे पण आहेत, तरी रणगाडा नाही

पॅन्झरहाउबिट्स २०००, पोलंडची क्राब, अमेरिकेची एम१०९, रशियाची एमस्टा-एस, या सगळ्या स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या तोफा, म्हणजे हॉवित्झर. यांचं काम वीस-तीस किलोमीटर मागे उभं राहून मारा करायचं, समोरासमोर भिडायचं नाही, त्यामुळे चिलखत पातळ असतं. ओळखायचं कसं, तर टरेट उंच, खोक्यासारखं, बऱ्याचदा गाडीच्या मागच्या बाजूला सरकलेलं, आणि नळीच्या टोकाला भोकं असलेला जाड तुकडा, त्याला मझल ब्रेक म्हणतात. टी-७२, जर्मन लेपर्ड २, अमेरिकन एब्रॅम्स, ब्रिटिश चॅलेंजर २ या रणगाड्यांच्या नळीचं टोक साधं असतं. एमस्टा-एस ला जास्त गोंधळ होतो कारण तिची चाकं-पट्टे टी-८० सारखेच आहेत, म्हणून फक्त खालचा भाग बघून ठरवू नका. आणि क्राब बघितली की ओळखीची वाटेल, कारण तिची चासी (खालचा सांगाडा) कोरियाच्या के९ तोफेची, आणि त्याच के९ ची आपली बहीण म्हणजे के९ वज्र, जी एल अँड टी गुजरातेत हाजिराला बनवते.

गेपार्ड तर अजून फसवा. खालून लेपर्ड १ रणगाडाच, पण वर ३५ मिमीच्या दोन नळ्या दोन्ही कडांना आणि रडार. ही विमानं, ड्रोन आणि मिसाइल पाडायला आहे. जर्मनीने २०२२ मध्ये पाठवली तेव्हा "जर्मन टँक युक्रेनमध्ये" अशा बातम्या फिरल्या, लेपर्ड २ द्यायचा निर्णय तर जानेवारी २०२३ चा.

चाकं असली तर?

इथे एएमएक्स-१० आरसी चं उदाहरण लक्षात ठेवा. सहा चाकांची फ्रेंच गाडी, वर १०५ मिमीची तोफ. जानेवारी २०२३ ला फ्रान्सने ती द्यायचं जाहीर केलं आणि हलका रणगाडा म्हणून तिचा गाजावाजा झाला. मुळात ती टेहळणीसाठी बनवलेली, पळून जागा बदलणारी गाडी, चिलखत पातळ, तोफगोळ्याचे तुकडे पण आत येऊ शकतात. त्या उन्हाळ्यातल्या प्रतिहल्ल्यात तिला पुढच्या फळीत घातलं तेव्हा हा कमकुवतपणा उघडा पडला. नावाने गैरसमज झाला की अपेक्षा चुकतात, मग लोक म्हणतात गाडीच फालतू.

जुगाड गाड्यांवर हसू नका, आधी वर काय बसवलंय ते बघा

मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एमटी-एलबी म्हणजे मूळची तोफ ओढायची सोव्हिएत ट्रॅक्टरगाडी, बुटकी, सपाट, वर एक छोटी मशीनगन. आता तिच्यावर काय काय दिसतं! झेडयू-२३-२ म्हणजे २३ मिमीची दोन नळ्यांची विमानविरोधी तोफ, २०२३ मध्ये तर जहाजावरच्या २५ मिमीच्या जुन्या तोफांची टरेटं पण दिसली. पिकअपवर हेलिकॉप्टरची ८० मिमीची रॉकेटं बसवलेली दोन्ही बाजूंकडे आहेत. चूक अशी होते की लोक मूळ गाडीचं नाव घेतात आणि हत्यार विसरतात, किंवा उलट. दोन्ही लिहायचं: "एमटी-एलबी, वर झेडयू-२३-२". आणि पिकअपवर तोफ ही काही युक्रेनची नवी आयडिया नाही, १९८७ ला चाडच्या सैन्याने टोयोटा पिकअप घेऊन लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावलं होतं, त्या लढाईला टोयोटा वॉरच म्हणतात.

रॉकेट सोडणारा ट्रक दिसला की हायमार्स (अमेरिकेने युक्रेनला दिलेली रॉकेटगाडी), ही पण रोजची चूक. नळ्या मोजा. बीएम-२१ ग्राडला ४०, उरागानला १६, स्मेर्चला १२, हायमार्सला एकाच खोक्यात ६. आपल्या पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने केलेल्या पिनाकाला पण १२ आहेत. आणि हायमार्सचा जवळून घेतलेला, फारच निवांत फोटो दिसला तर अजून एकदा बघा, युक्रेनने लाकडाचे नकली हायमार्स उभे करून रशियाची महागडी मिसाइलं वाया घालवलीत.

फोटो अडला तर काय करायचं

वर पिंजरा, जाळी, पत्र्याची अख्खी शेड असेल, २०२४ पासून असे रणगाडे खूप दिसतात, कासव म्हणतात त्यांना, तर वरचं सोडा आणि पट्ट्याच्या आतली एका बाजूची चाकं मोजा. पाच चाकं आणि पहिल्या-दुसऱ्यात मोकळी जागा, तर टी-५४ किंवा टी-५५. पाच आहेत पण मोकळी जागा मागच्या चाकांत, तर टी-६२. सहा मोठी एकसारख्या अंतरावर, तर टी-७२ किंवा टी-९०. सहा छोटी बारीक, तर टी-६४. सहा पण अंतर एकसारखं नाही, तर टी-८०. चाकं पण झाकली असतील तर उगाच अंदाज ठोकू नका.

कुणाची गाडी, हे मॉडेलवरून ठरवायचं नाही. टी-७२ दोघांकडे, टी-८० दोघांकडे, पकडलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी उलट बाजूने लढतात. रंगवलेली खूण बघा, झेड असेल तर रशियन, सप्टेंबर २०२२ च्या खारकिव्ह मोहिमेत युक्रेनच्या गाड्यांवर पांढरा क्रॉस होता. खूणच दिसत नसेल तर बाजू लिहूच नका.

व्हिडिओत धूर फार सुंदर, कॅमेरा फार स्थिर आणि माणूस एकही नाही असं असेल तर व्हिडिओ गेम असण्याची शक्यता धरा. आर्मा ३ च्या क्लिप्स एवढ्या फिरल्या की नोव्हेंबर २०२२ ला खुद्द गेम बनवणाऱ्या कंपनीला त्या कशा ओळखायच्या हे सांगावं लागलं.

"टरेट उडालं म्हणजे रशियन माल भंगार"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. टी-७२ मध्ये माणूस गोळा भरत नाही, मशीन भरतं, आणि त्यासाठी टरेटच्या खाली, क्रूच्या पायाशी, गोल चकतीत २२ गोळे ठेवलेले असतात, शिवाय जास्तीचे आत इकडे तिकडे. आत आग पोचली की दारू एकदम पेटते आणि टरेट हवेत जातं. युक्रेनचे टी-६४ आणि टी-८० पण साधारण याच पद्धतीचे, तेही असेच फुटतात. एब्रॅम्समध्ये चौथा माणूस गोळा भरतो आणि बहुतेक गोळे टरेटच्या मागच्या बंद कप्प्यात असतात, स्फोट वरच्या झाकणातून बाहेर जातो, गाडी जाते पण माणसं वाचायची शक्यता राहते. आपल्या सैन्यातले टी-७२ अजेय आणि टी-९० भीष्म याच चकतीचे आहेत, त्यात आपली पोरं बसतात, म्हणून ते फोटो बघून टाळ्या वाजवण्याआधी एवढं तरी माहीत असावं असं मला वाटतं.

शेवटचं म्हणजे एमटी-एलबी आणि अमेरिकेची सैनिक नेणारी एम११३ या दोन्ही गाड्या जखमींना न्यायला पण वापरतात, कधी लाल क्रॉस असतो, कधी ड्रोनच्या भीतीने लावलेलाच नसतो. त्यामुळे जळालेली चौकोनी पट्टेवाली गाडी दिसली, वर हत्यार दिसत नाही, खूण नाही, तर कॅप्शनमध्ये एवढंच टाका: "पट्टेवाली चिलखती गाडी, प्रकार नक्की नाही".