अलॉटमेंटवर भाजीपाला पिकवताना : ऋतू ओळखण्यातल्या या चुका टाळा

ब्रिटनमध्ये अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याचा, पूर्ण प्लॉट परंपरेने 10 रॉडचा, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटरचा असतो. अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी लांब असल्याने हा तुकडा मिळेपर्यंत माणूस उत्साहाने इतका भरलेला असतो की पहिल्याच मार्चमध्ये सगळी जमीन उकरून सगळे बी पेरून टाकतो. ज्यांचे शेतीचे संस्कार खरीप आणि रब्बीचे आहेत, त्यांच्याकडून आणखी एक चूक हमखास होते. ऊन पडले की हंगाम आला असे ते धरून चालतात. या अक्षांशावर मात्र हवा, जमीन आणि दिवसाची लांबी या तिघांचे ऋतू वेगवेगळ्या वेळी बदलतात. प्लॉटवर जे बिघडते, त्यातले निम्म्याहून अधिक या तिघांपैकी एकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे बिघडते, असे इतक्या वर्षांच्या अनुभवाने माझे ठाम मत झाले आहे.

मार्चमधले ऊन आणि थंड जमीन

मार्चअखेरीस एखादा दिवस 18 अंशांपर्यंत तापतो, पण वीतभर खाली माती अजून हिवाळ्यातच असते. अशा मातीत पेरलेली फरसबी उगवत नाही, कुजते. आठ-दहा दिवसांनी उकरून पाहिले तर बी मऊ पडलेले आढळते आणि दोष बियाणे विकणाऱ्याला दिला जातो. फरसबीला जमिनीचे तापमान किमान 12 अंश लागते. ब्रॉड बीन्स (बाकला) आणि मटार बऱ्याच कमी तापमानातही उगवतात, म्हणून एकाच दिवशी एकाच हाताने पेरलेल्या दोन ओळींपैकी एक हिरवी होते आणि दुसरी रिकामी राहते. मातीचा साधा थर्मामीटर घ्यावा, सकाळी बोटभर खोल खुपसावा आणि सलग चार-पाच दिवसांचा आकडा पाहूनच पेरणीचा निर्णय घ्यावा. पाकिटावर छापलेला महिना हा फक्त अंदाज असतो.

तापमानाइतकाच महत्त्वाचा असतो वाफसा. इंग्लंडमधल्या चिकणमातीच्या प्लॉटवर हिवाळ्यातले पाणी एप्रिलपर्यंत मुरलेले राहते. मूठभर माती दाबल्यावर तिचा चकचकीत गोळा झाला, किंवा ती बुटांना चिकटून येऊ लागली, तर त्या दिवशी वाफ्यात पाऊलही टाकू नये. ओल्या मातीवर चालल्याने तिच्यातली हवेची पोकळी दबते आणि उन्हाळ्यात तिचीच ढेकळे होतात. चालायला फळ्या किंवा कायमच्या वाटा ठेवणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे.

पार्सनिप या गाजरासारख्या पांढरट कंदाची गोष्ट निराळी आहे. त्याचे बी एका वर्षातच निकामी होऊ लागते आणि ताजे बीसुद्धा थंड मातीत उगवायला चार आठवडे घेते. त्यामुळे जुने पाकीट वापरू नये आणि तीन आठवड्यांत काही दिसले नाही म्हणून ओळ मोडूही नये.

मे महिन्यातली घाई

घरातल्या खिडकीत वाढवलेली टोमॅटो, भोपळा आणि कूर्जेट (झुकिनी) यांची रोपे मेच्या पहिल्या आठवड्यात कुंडीत मावेनाशी होतात आणि बाहेर लावण्याचा मोह अनावर होतो. दक्षिण इंग्लंडमध्ये शेवटचे गोठवणारे दंव साधारण मेच्या मध्यापर्यंत पडू शकते, उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये ते जूनच्या सुरुवातीपर्यंतही लांबते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर दिवस कितीही उबदार गेला तरी ती रात्र धोक्याची समजावी. उताराच्या पायथ्याशी किंवा कुंपणाच्या आडोशाला असलेल्या प्लॉटवर थंड हवा साचते, म्हणून शेजारच्या उंच प्लॉटवरची रोपे वाचतात आणि आपली काळी पडतात.

दंव न पडताही रोपे बसतात, पाने पांढुरकी होतात, वाढ थांबते. हा रोग नसून सवय न करता बाहेर काढल्याचा परिणाम असतो. दहा दिवस ते दोन आठवडे रोपे दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवावीत, मग रात्रीही बाहेर ठेवून त्यांच्यावर फ्लीसचे पातळ कापड टाकावे. लागवडीनंतरही ते कापड जवळ असू द्यावे.

कोथिंबीर दांड्यावर का जाते

ही तक्रार मी सर्वाधिक ऐकतो : मेमध्ये पेरलेली कोथिंबीर, पालक आणि पाक चॉय ही चिनी पालेभाजी पुरती पानेही न देता उंच दांडा काढून फुलावर येतात. पाणी दिले, खत दिले, तरी उपयोग होत नाही, कारण कारण आकाशात आहे. लंडनमध्ये जूनच्या मध्यावर दिवस सुमारे साडेसोळा तासांचा होतो. इतका लांब दिवस या पिकांना फुलण्याचा इशारा देतो, त्यात कोरडी माती आणि मुळांना बसलेला धक्का यांची भर पडली की पाने येण्याआधीच सगळे संपते. म्हणून कोथिंबीर रोप लावून करू नये, जागेवरच पेरावी, दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरावी, आणि मुख्य पेरणी ऑगस्टसाठी राखून ठेवावी. पाक चॉय आणि मुळा 21 जून उलटल्यानंतर, म्हणजे दिवस उतरणीला लागल्यावर पेरले की स्वभाव बदलल्यासारखे वागतात.

दिवसाच्या लांबीचे दुसरे टोक लोक याहूनही अधिक विसरतात. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो आणि या काळात बहुतेक भाज्या जिवंत राहतात, पण वाढत जवळजवळ नाहीत. हिवाळ्यात खायची पालेभाजी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुरेशी मोठी झालेली असावी लागते, म्हणजेच ती जुलै-ऑगस्टमध्ये पेरलेली असावी लागते. सप्टेंबरअखेरीस पेरणारा माणूस डिसेंबरमध्ये बोटभर रोपांकडे पाहून मातीत काही कमी आहे असे समजतो, आणि खत घालतो, जे पावसात वाहून जाते.

याच हिशेबातून एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा रिकामा काळ उद्भवतो. हिवाळी पिके संपलेली असतात आणि नवी तयार नसतात. जांभळी ब्रोकोली एप्रिल-मेमध्ये पेरली तर ती पुढच्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये हाती येते. जवळजवळ वर्षभर जागा अडवणारे हे पीक नवख्याला परवडत नाही असे वाटते, पण प्लॉटवर दुसरे काही नसताना ते उभे असते, म्हणून मी त्याची जागा कधी कमी करत नाही.

शेणखतातला विषारी अंश

एका वसंतात माझ्या टोमॅटोची कोवळी पाने नेच्यासारखी अरुंद होऊन आत वळू लागली, बटाट्याचे शेंडे पेल्यासारखे मिटले आणि फरसबी वाकडी झाली, मात्र शेजारचा मका आणि कोबी निरोगी राहिले. विषाणूचा रोग समजून मी रोपे उपटली. खरे कारण एका तबेल्यातून आणलेल्या खतात होते. कुरणातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी वापरले जाणारे अमिनोपायरॅलिडसारखे तणनाशक गवतातून वैरणीत, वैरणीतून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात जसेच्या तसे पोहोचते. 2008 साली अशा तक्रारी वाढल्यावर ब्रिटनमध्ये या तणनाशकाची मंजुरी काही काळ स्थगित करावी लागली होती आणि पुढे ते अटींसह परत आले, त्यामुळे धोका आजही टळलेला नाही.

खत पसरण्याआधी चाचणी करणे सोपे आहे. काही कुंड्यांत ते खत आणि विकतचे कुंडीमिश्रण एकत्र भरावे, काहींत नुसते मिश्रण भरावे, दोन्हींत ब्रॉड बीन्स पेरून तीन-चार आठवडे पाने पाहावीत. खताच्या कुंड्यांतलीच पाने वळली तर ते खत घेऊ नये. आधीच पसरले असेल, तर माती वेळोवेळी उलथत राहावी, कारण मातीतले सूक्ष्मजीव हे द्रव्य हळूहळू मोडतात, आणि त्या जागी त्या वर्षी मका किंवा कोबीवर्गीय पीक घ्यावे. बाधित रोपे कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

पावसाळी उन्हाळ्यातला करपा

जुलै-ऑगस्टमध्ये बटाट्याच्या पानांच्या कडांवर तपकिरी डाग दिसतात, दमट हवेत पानाखाली पांढरी बुरशी येते आणि आठवड्याभरात सगळे पीक कोसळते. हाच करपा 1845 पासून आयर्लंडमध्ये दुष्काळाला कारण झाला. सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंशांच्या वर राहिले आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली, तर करप्याला अनुकूल काळ आला असे मानतात. डाग दिसताच पाला जमिनीलगत कापून दूर करावा. पुढची चूक म्हणजे लगेच बटाटे काढणे : जमिनीवर पडलेले बीजाणू कंदांना लागतात आणि साठवणीत सगळे सडते. दोन आठवडे थांबून साल घट्ट होऊ द्यावी. ज्यांना दर वर्षी हा त्रास होतो, त्यांनी जूनअखेरीस निघणाऱ्या लवकरच्या जाती घ्याव्यात, किंवा सारपो मीरासारखी प्रतिकारक्षम जात लावावी. उघड्यावरचे टोमॅटोही याच रोगाने जातात.

टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तो मात्र करपा नव्हे. पाणी कधी भरपूर तर कधी अजिबात नाही, अशाने फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. पाणी नियमित करावे, फवारणीची गरज नसते.

गोगलगाय आणि कोबीचे गाठाळ मूळ

गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांचा उघड्यावरचा वापर ग्रेट ब्रिटनमध्ये एप्रिल 2022 पासून बंद आहे, म्हणून शेडमध्ये सापडलेला जुना डबा वापरू नये. लहान रोपे थेट वाफ्यात न लावता कुंडीत मोठी करून लावणे आणि संध्याकाळऐवजी सकाळी पाणी देणे, एवढ्याने नुकसान बरेच घटते. गोगलगायी मारणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) वापरायचे असतील तर मातीचे तापमान 5 अंशांच्या वर असायला हवे.

कोबी भर दुपारी माना टाकत असेल आणि उपटल्यावर मुळे सुजून गाठाळ झालेली दिसली, तर क्लबरूट आहे. त्याचे बीजाणू मातीत वीस वर्षांपर्यंत टिकतात, त्यामुळे तीन-चार वर्षांची फेरपालट पुरत नाही. चुना घालून मातीचा सामू (pH) 7 च्या वर न्यावा, रोपे निर्जंतुक मिश्रणात मोठ्या कुंडीत वाढवूनच लावावीत, आणि बाहेरून आणलेली कोबीची रोपे स्वीकारू नयेत.

शरद ऋतूत जमीन उघडी टाकू नये

पिके निघाल्यावर अनेक जण वाफे स्वच्छ करून तसेच सोडतात. हिवाळी पावसात अन्नद्रव्ये वाहून जातात आणि वसंतात तण आधी उगवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राय गवत पेरावे, किंवा कंपोस्टचा जाड थर आणि वर काळे आवरण घालावे. हरळीसारखे गवत आणि चांदवेलीसारखा वेल असलेल्या जमिनीत यंत्र फिरवू नये, कारण मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवे रोप उभे राहते. तिथे एक पूर्ण वाढीचा हंगाम झाकण ठेवणे हिताचे ठरते.

लसूण याच काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावा. पाकळ्या सुट्या होण्यासाठी त्याला 0 ते 10 अंशांची थंडी महिना-दोन महिने लागते, आणि वसंतात उशिरा लावलेल्या लसणाचा अखंड गोल कांदाच होतो. तसा कांदा हाती आला तर तो टाकू नये. शरदात पुन्हा लावला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पाकळ्या पडतात.