साईन लँग्वेज शिकायचीय? आधी भुवया हलवा

आयएसएल म्हणजे इंडियन साईन लँग्वेज कुठून शिकू असं बरेच जण विचारतात, आणि विचारायच्या आधीच यूट्यूबवरून एबीसीडी पाठ करून आलेले असतात, त्यात ती निघते अमेरिकन! तिकडची एबीसीडी एका हाताची, आपली दोन हातांची. ए ई आय ओ यू तर एकदम सोप्पं, एका हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पाच बोटं, दुसऱ्या हाताच्या तर्जनीने एकेक टेकवत जायचं. पण हे नाव-गाव सांगण्यापुरतं हो, स्पेलिंग करत कुणी गप्पा मारत नाही.

खरी गंमत वाक्यात आहे. क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटाकडे, पण प्रश्नाचा शब्द त्याच्याही नंतर, म्हणजे 'तू राहणं कुठे'. नकार पण शेवटीच. काल-उद्या सुरुवातीलाच सांगून टाकायचं, क्रियापद काही बदलत नाही. आणि 'चहा घेणार का' विचारायचं तर हात तेच, फक्त भुवया वर आणि मान जराशी पुढे. भुवया ढिम्म राहिल्या तर समोरच्याला वाटणार तुम्ही नुसतं सांगताय, विचारत नाही.

आमचे सर स्वतः डेफ म्हणजे कर्णबधिर, वर्गात तोंडाने बोलायला बंदी. सगळे त्यांच्या हातांकडे टक लावून बसायचे, मग सर दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेऊन दाखवायचे, इकडे बघा! हात कडेच्या नजरेत दिसतात, सवयीने जमतं. माझं तर मत आहे की शिकायचं ते डेफ माणसाकडूनच, ॲप वगैरे नंतर.

खिडकीकडे पाठ करून बोलू नका, चेहरा काळा दिसतो. हाक मारायची तर खांद्यावर हलकं टॅप करा नाहीतर लाईट चालू-बंद करा. साईन नेम, म्हणजे तुमच्या नावाची खूण, स्वतःचं स्वतः ठेवू नका, ते डेफ मंडळी देतात.

शब्दांसाठी दिल्लीच्या आयएसएलआरटीसीची, म्हणजे आयएसएलवर काम करणाऱ्या सरकारी केंद्राची डिक्शनरी आहे, 2021 च्या आवृत्तीत 10,000 शब्द, व्हिडिओ फुकट बघता येतात. मात्र गावागणिक काही खुणा बदलतात, तेव्हा तुमच्याकडे काय चालतं ते विचारून घ्या.

इंटरप्रिटरच व्हायचं असेल तर बारावीनंतर 2 वर्षांचा डिस्ली म्हणजे आयएसएल इंटरप्रिटेशनचा डिप्लोमा असतो, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. फॉर्म भरायच्या आधी एकदा डेफ लोकांच्या एखाद्या कार्यक्रमाला मात्र जाऊन या, तिथला गप्पांचा स्पीड कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.