केळीबागेसाठी पाट्याची सुरी: ठोकायची कशी, पाणी द्यायचं कसं

रावेर-यावलकडच्या केळीबागेत सुरीला पानं कापायची असतात, पिलं छाटायची असतात आणि त्या नादात मातीतही घुसायचं असतं. नुसती टणक सुरी तिथे तुकडे पाडून घेते, चिवटपणाही हवा. त्यासाठी जीप किंवा पिकअपच्या कमानीचा पाटा उत्तम. भंगारात घेताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाळा. हादरे खाऊन तिथे केसासारख्या चिरा पडलेल्या असू शकतात, आणि त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे लाल पातं विझवून कडक करताना, उघडतात. टोकाकडचा तुकडा घ्या.

7 मिमी जाड, 30 मिमी रुंद, 20 सेंमी लांब पट्टी ग्राइंडरने कापा. ठोकून ती लांबली की 20 सेंमीचं पातं आणि मुठीत जाणारी 10 सेंमीची शेपटी निघते. सोबत बोटभर चिपटी कापून ठेवा. ती लाल करून तेलात विझवा, व्हाइसमध्ये धरून हातोडा मारा. कटकन तुटली तर माल कामाचा. वाकली तर पाटा बदला.

भट्टी सावलीतच लावा. खानदेशी उन्हात लालभडक लोखंडही काळपट दिसतं, मग नवशिका भाता मारतच राहतो. पट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या म्हणजे पोलाद जळालं. तेवढा भाग कापूनच टाकायचा. बाभळीचा कोळसा चालतो. पिवळट नारिंगी रंगावर ठोकायला घ्या, काळपट लालीवर आलं की परत भट्टीत. थंडावर ठोकलं की कडेला चिरा जातात.

आधी टोक काढा, मग शेपटी. धारेची बाजू पातळ करू लागलात की ती लांबते आणि पातं पाठीकडे वळतं. म्हणून आधीच पट्टी धारेकडे विळ्यासारखी थोडी वाकवून घ्यायची. ठोकता ठोकता आपोआप सरळ होते. दोन्ही बाजूंना घाव सारखे पडले पाहिजेत, नाहीतर पाणी देताना पातं पिळतं. पाठ 4 मिमी आणि धार दीड मिमी ठेवा. धार आताच कागदासारखी केली तर तेलात ती लाटेसारखी होते.

ठोकून झालं की तीनदा तापवून हवेत गार करा, दर वेळी थोडं कमी तापवून. ठोकताना पोलादाचा कण मोठा झालेला असतो, तो याने बारीक होतो. हा टप्पा गाळला तर सुरी दिसायला ठीक, पण पडली की मोडते. मग पुन्हा लाल करून रात्रभर राखेत पुरा, म्हणजे कानस चालते. मुठीच्या रिपिटांची 5 मिमीची भोकंही आत्ताच पाडा.

आता पाणी. शब्द पाण्याचा असला तरी पाटा पाण्यात घालू नका. वरचा थर आतल्याआधी कडक होऊन ताण येतो आणि ‘टिंग’ आवाज येऊन धारेला चीर जाते. खोल लोखंडी डब्यात पाच-सहा लिटर सरकीचं तेल घ्या आणि एखादा लाल तुकडा बुडवून ते 50-60 अंशांपर्यंत तापवा. फार थंड तेल दाट असतं, उष्णता हळू ओढतं. इंजिनचं जळकं तेल नको, धूर वाईट. डब्याचं झाकण हाताशी असू द्या. भडका उडाला तर झाकायचं, पाणी ओतायचं नाही.

पातं सगळीकडे एकसारखं लाल करा. साधारण 770 अंशांना चुंबक चिकटणं बंद होतं. तिथेच थांबू नका. रंग आणखी एक छटा उजळू द्या, दोन-तीन मिनिटं धरा आणि टोक खाली करून सरळ बुडवा. हलवायचं ते धार-पाठीच्या दिशेने, आडवं नाही. दहा-बारा सेकंदांनी काढून डोळ्यासमोर धरा. पिळलेलं असेल तर दोन लाकडी फळ्यांत लगेच दाबा. गार झाल्यावर सरळ करायला गेलात तर मोडेल. मग धारेवर कानस फिरवा. ती घसरली पाहिजे. रुतली तर कमी तापलं होतं.

या अवस्थेत सुरी काचेसारखी असते, रात्रभर ठेवू नका. लगेच ओटीजीत (घरगुती विजेच्या भट्टीत) टेंपर करा, म्हणजे ठिसूळपणा कमी करा: 220 अंशांवर दोन तास, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. ओटीजीची चकती वीसेक अंश खोटं बोलते, आत थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या भागावर गव्हाळ-सोनेरी रंग आला की बरोबर. निळा आला तर धार मऊ झाली, पाणी पुन्हा द्यावं लागेल.

बारीक दगडावर धार लावून 6 मिमीच्या पितळी सळईवर टेकवून दाबा. धार किंचित लवून परत आली तर झालं. तुकडा पडला तर 10-15 अंश वाढवून पुन्हा टेंपर करा. लवलेली तशीच राहिली तर धार मऊ आहे. मुठीला धावड्याचं लाकूड घ्या, सहसा फुटत नाही. केळीचा चीक पात्याला काळं करतो. काम संपलं की रॉकेलच्या चिंधीने पुसा, मग तेलाचा हात.