मॉडेलिंग पेस्टवर जलरंग बसत नव्हता: माझा अनुभव

फोंड्यातल्या जुन्या घराची चिऱ्यांची (भोकं असलेल्या तांबड्या जांभ्या दगडाची) भिंत जलरंगात कागदावर रंगवत होतो. दगडाचा खडबडीतपणा यावा म्हणून आधी मॉडेलिंग पेस्ट (उठाव देणारी घट्ट पेस्ट) लावली होती. पेस्टवर रंगाचे थेंब होऊन ओघळायचे. पाणी कमी केलं, पॉलिश पेपरने घासलं, उपयोग शून्य. अगदी मेटाकुटीला आलो. ही पेस्ट अॅक्रिलिकची. वाळली की पाणी फारसं शोषत नाही.

जमलं ते असं: 300 जीएसएमचा (जाड) कागद चारही बाजूंनी टेपने फळीवर चिकटवला. पॅलेट नाइफने पेस्टचा पातळ थर दिला (जाड थर तडकतो), ओला असतानाच नाइफच्या टोकाने चिऱ्याची भोकं टोचली. पावसाळ्यात आपल्याकडे वरून सुकलं तरी आत ओलं राहतं, म्हणून नख रुतेनासं होईपर्यंत पंख्याखाली ठेवलं. मग वॉटरकलर ग्राउंडचा (जलरंग शोषून धरणाऱ्या लेपाचा) एक हात, 24 तास सुकवून. त्यावर पातळ तांबडा रंग भोकांत साचू दिला, उंचवटे ओलसर ब्रशने पुसले.