गावकीने वाळीत टाकल्यास तक्रार कशी करावी

गावकीने एखादे घर वाळीत टाकणे हा गावाचा आपसातला मामला नसून गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याखाली ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कायद्याची मागणी लावून धरण्यामागे रायगड जिल्ह्यातली वाळीत प्रकरणे होती, याची आठवण कोकणात तरी राहायला हवी.

खरी अडचण पुराव्याची असते, कारण गावकीचा असा ठराव सहसा कागदावर येत नाही. शिमग्यात पालखी शेजारच्या खळ्यात नाचते आणि आपल्या दारावरून न थांबता पुढे जाते, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही, एवढेच दिसते. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि समोर कोण होते ते लिहून ठेवावे, आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवावे. ‘दुकानदाराने त्रास दिला’ एवढ्याने काही ठरत नाही; ‘सकाळी साडेआठला साखर मागितली, तेव्हा तुम्हाला माल दिला तर गावकी मला दंड लावील, असे तो म्हणाला’ या नोंदीला वजन येते. दंडाची पावती आणि मोबाइलवरचे संदेश जपावेत. स्क्रीनशॉट घेतला तरी मूळ संदेश पुसू नये.

पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही पोलीस ठाण्यात अथवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते. गुन्हा दखलपात्र असल्यामुळे केवळ एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन परत येऊ नये, एफआयआरचाच आग्रह धरावा आणि तिची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. ठाण्यात नोंद झाली नाही, तर तीच तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावी. पीडित अनुसूचित जाती वा जमातीचे असून बहिष्कार घालणारे त्याबाहेरचे असतील, तर दोन्ही बाजूंच्या जातीचा उल्लेख तक्रारीत स्पष्ट करावा, कारण मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो.

पुढे समेटाचा आग्रह होतोच. खटला मिटवायचा झाल्यास पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात. तोवर देवळात बसून लिहून आणलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये.